कच्चा लिंबू

मोठ्या बाईंनी हात लांब करून फोन वर्गाकडे वळवला. मागच्या बाकांवरून त्यावरची अक्षरं दिसणं शक्यच नव्हतं, पण तिथे काय लिहिलंय हे नववीच्या त्या वर्गात सगळ्यांना पाठ होतं.

"हा कच्चा लिंबू कोण आहे?" त्यांनी विचारलं.

गणिताच्या बाई खिडकीपाशी उभ्या राहून डस्टर झटकत राहिल्या. कच्चा लिंबू त्याच होत्या.

वर्गाचं ऑनलाइन पान त्यांनीच हट्टाने सुरू केलं होतं. वर्गात प्रश्न विचारा म्हटलं की पोरांच्या तोंडाला कुलूप; हात वर व्हायचे ते फक्त पाणी प्यायला जायला. म्हणून टोपणनावाने पानावर या आणि हवं ते विचारा, असं त्यांनी सांगितलं. पोरं आली आणि मांजरांचे व्हिडिओ टाकून गेली. शेवटी बाईंनीच कच्चा लिंबू नावाचं दुसरं खातं उघडलं. खेळात ज्याच्यावर राज्य येत नाही, ज्याची चूक कोणी मनावर घेत नाही, त्याचं नाव. संध्याकाळी भाजी चिरता चिरता त्या एखादा बावळट प्रश्न टाकायच्या. स्वतःच विचारायचं, स्वतःच सांगायचं, असा एकपात्री प्रयोग काही दिवस चालला. मग पोरांना राहवेना. अरे लिंबा, एवढंही येत नाही, म्हणत ती त्याला समजावू लागली, आणि समजावताना आपलंच घोडं कुठे पेंड खातंय हे कळल्यावर आपलेही प्रश्न टाकू लागली. नोकरीला लागल्यापासून बाई इतक्या खूश कधी झाल्या नव्हत्या.

लिंबाचा शेवटचा प्रश्न होता, दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का येतो. नियम आहे, पाठ कर, असं बहुतेकांनी सुनावलं. एका पालकांनी त्याचाच फोटो मोठ्या बाईंना पाठवला. नववीतल्या मुलाला हे विचारावं लागत असेल तर वर्गात शिकवतात काय, असं त्यांचं म्हणणं होतं.

"तास संपायच्या आत नाव कळलं नाही, तर हे पान बंद," मोठ्या बाई म्हणाल्या.

इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसावं तर पान जाणार; बोलावं तर आपला लिंबू म्हणजे बाईच, हे कळल्यावर पोरं तिथे पुन्हा तोंड उघडणार नाहीत. बाईंनी डस्टर उगाचच उलटसुलट केलं.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरची मौनी उठली. हजेरीलाही ती फक्त हात वर करायची, म्हणून वर्गाने तिला ते नाव दिलं होतं.

"मी आहे," ती म्हणाली.

तिचा आवाज कित्येकांनी पहिल्यांदाच ऐकला. उद्या वडिलांना घेऊन यायचं, असं मोठ्या बाईंनी बजावलं. मौनीने मान हलवली. तिने बाकाची कड घट्ट धरली होती.

बाईंनी डस्टर खाली ठेवलं.

"ती नाही. ते खातं माझं आहे."

कोणीतरी फिसकन हसलं आणि थांबलं. लिंबाला मेंदू बदलून घ्यायचा सल्ला देणाऱ्या मुलाने वही तोंडासमोर धरली. मोठ्या बाईंनी फोन पर्समध्ये टाकला. पान आजपासून बंद, तास संपला की ऑफिसात या, एवढंच सांगून त्या निघून गेल्या.

घंटा झाली. पोरं बाईंकडे न बघता बाहेर पडली. बाईंना सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते त्याचंच. मौनी मात्र जागेवरच होती.

"खोटं का बोललीस गं?"

"प्रश्न मलापण पडला होता."

"मग पानावर का नाही विचारलास?"

"लिंबू विचारायचा ना."

बाईंनी पर्स उचलली आणि त्या दाराकडे निघाल्या.

"बाई, उत्तर राहिलं."

बाई वळल्या.

"आणि नियम आहे असं सांगू नका," मौनी म्हणाली.

ऑफिसात वाट बघत असतील, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली आणि खडू शोधला. मौनी वही घेऊन पहिल्या बाकावर येऊन बसली.