तिला उताणं ठेवू नका

मला सगळे पेटी म्हणतात. पेटी म्हटलं की मित्रांनो, तुम्हाला गाण्याच्या वर्गातली पेटी आठवेल. भाता तिलाही असतो आणि मलाही आहे. पण माझ्यातून कधी सूर निघाला नाही. निघाला तो फक्त श्वास, आणि तोही माझा नव्हता.

आता मी म्हातारी झाले. माझ्या काचेच्या घुमटाला तडा गेला आहे, नळ्या पिवळ्या पडून कडक झाल्या आहेत. डॉक्टरी शिकणारी मुलं माझ्यावर जेवणाचे डबे ठेवतात. ठेवू देत. भुकेल्या मुलांचा राग येत नाही. पण खोली रिकामी झाली की माझा भाता आपोआप हलतो आहे असं मला वाटतं. वीज नाही, पंप नाही, तरी वाटतं. कोणाचे श्वास आहेत हे, ते सांगते.

मला जुळवलं ते छातीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी, रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत. पंप हृदयाच्या एका बाद झालेल्या यंत्राचा, भाता भुलीच्या जुन्या यंत्राचा, पाणी गरम करणारी टाकी दुसऱ्याच विभागातून मागून आणलेली. नळ्या बसवणारे पंपवाले दादा म्हणायचे, "बाई, ही म्हणजे उसन्या दागिन्यांची नवरी!" बाई हसायच्या. तेव्हा त्या तरुण होत्या आणि मनापासून हसायच्या.

त्यांच्याकडे येणाऱ्या रोग्यांची फुप्फुसं वाळक्या स्पंजासारखी झालेली असत. नवी मिळाली तरच ती माणसं जगणार. पण नुकत्याच गेलेल्या माणसाकडून मिळालेली बहुतेक फुप्फुसं पाणी धरलेली, शंकेची असत, आणि शंका आली की टाकून दिली जात. बाईंच्या मनात आलं, ती काही तास शरीराबाहेरच जगवली तर? ऊब द्यावी, औषधाचं पाणी फिरवावं, श्वास द्यावा, आणि सावरतात का ते पाहावं. त्यासाठी मी जन्मले.

पहिल्यांदा माझ्या काचेखाली फुप्फुसं ठेवली तो दिवस मी विसरले नाही. राखाडी, गार, मिटलेली. मी पाणी फिरवलं, भात्याने हवा दिली, आणि ती हळूहळू गुलाबी होत फुलली. समोर माणूस नाही, चेहरा नाही, नाव नाही, आणि श्वास चालू! दादा दोन पावलं मागे सरकले. बाई मात्र पुढे झाल्या.

काही वर्षांनी माझ्यात सावरलेली फुप्फुसं एका शिंपीणबाईंना बसवली. माझ्यावर मोजलेले प्राणवायूचे, दाबाचे सगळे आकडे चांगले होते. तरी त्यांच्या छातीत ती पाण्याने भरली आणि त्या गेल्या.

त्यानंतर बाई एकट्या येऊन मला रिकामीच चालवायच्या. भाता वर जाई, खाली येई, काचेखाली काहीच नसे, आणि बाई त्या काहीच नसलेल्या जागेकडे टक लावून बसत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाई तर पाणीसुद्धा फुंकू लागल्या. फुप्फुसं येत, मी ती फुलवत असे, बाई मोजत आणि म्हणत, "नाही. खात्री नाही." त्यांचे लेख छापून आले, दूरदूरचे डॉक्टर माझे फोटो काढून गेले. माझं कौतुक झालं खरं, पण माझ्यातून कोणाच्या छातीत काही गेलं नाही.

नव्या फुप्फुसांची वाट पाहणाऱ्यांत एक बसकंडक्टर होते. चाकांवरचा ऑक्सिजन ओढत ते खाली दादांशी गप्पा मारायला येत. चार शब्दांनी धाप लागायची, पण जीभ गप्प बसेल तर शपथ. "जन्मभर लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणत आलो," ते म्हणायचे. "आता माझीच रांग सरकेना!"

एका सकाळी एका बाईंची फुप्फुसं आली. मेंदूत रक्तस्राव होऊन त्या गेल्या होत्या. त्यांचे यजमान, शाळेत कवायत शिकवणारे मास्तर, दान द्यायला हो म्हणाले होते, पण घरी जायला तयार नव्हते. दाराशी उभे राहिले. नातेवाइकांना आत घ्यायचा नियम नव्हता. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि एक स्टूल पुढे सरकवलं.

मास्तर माझ्यासमोर बसले. बराच वेळ ते फुप्फुसांचं फुलणं-मिटणं पाहत होते. मग म्हणाले, "आवाज नाही येत."

"कसला आवाज?" बाईंनी विचारलं.

"घोरण्याचा. तीस वर्षं माझी झोप उडवलीय हिने. आज एवढी गप्प कशी?" ते हसायला गेले, पण ते हसू नव्हतं. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तिला उताणं ठेवू नका. उताणी झोपली की तिला दम लागायचा. कायम पालथी झोपायची ती."

दादांनी बाईंकडे पाहिलं. फुप्फुसं काही सावरत नव्हती, मागच्या भागात पाणी साचलं होतं. बाई शास्त्रासाठी नाही, त्या माणसाच्या शब्दाखातर उठल्या. दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल उचलावं तशी ती उचलून त्यांनी पालथी ठेवली.

तासाभराने पाणी उतरू लागलं. आकडे चढले. दुपारी ते असे झाले की दादा ओरडलेच, "बाई, कंडक्टरला तयार करायचं ना?"

बाईंनी पुन्हा मोजलं. पुन्हा मोजलं. "एकदाच झालंय हे, दादा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल तर? शिंपीणबाईंच्या वेळीही आकडे चांगलेच होते."

"बाई..."

"नाही."

मास्तरांना त्यातलं काही कळलं नाही. बाईंनी माझा पंप थांबवला. शेवटचा श्वास सुटला, आणि मास्तर उठून, रुमालाने स्टूल पुसून निघून गेले. कंडक्टर त्याच महिन्यात वारले.

पुढे बाईंनी कोणाला देता येणार नाहीत अशी कितीतरी फुप्फुसं माझ्यात पालथी ठेवून पाहिली. ती सावरत होती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शोध मोठा ठरला. हार आले, टाळ्या झाल्या. बाई हार काढून माझ्यावर ठेवत. कारण आता हिशेब उघड होता. मास्तरांच्या बायकोची फुप्फुसं चांगली होती.

मास्तर काही वर्षांनी भेटायला आले, तेव्हा बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. मास्तर काचेकडे बघत राहिले.

"म्हणजे तिच्या श्वासावर तो माणूस जगला असता?"

"बहुतेक. हो."

"मला का सांगता? माझी बायको तर गेलीच होती." त्यांचा आवाज कठोर नव्हता. "त्याच्या घरी सांगितलंत का?"

बाईंनी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण काही दिवसांनी कंडक्टरांची बायको स्वतःच खोलीत आली. इस्त्रीचं दुकान चालवणारी, हातावर भाजल्याचे डाग असलेली बाई. तिने माझ्या घुमटावर तळहात टेकला.

"इथे होती ती?"

"हो."

"आणि हे कुठे होते तेव्हा?"

"वरच्या मजल्यावर."

"म्हणजे एक जिना." ती काचेवरून हात न काढता म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं. झोप तरी लागत होती. आता ती पण गेली."

डॉक्टरीणबाई मान खाली घालून उभ्या होत्या. "माझी खात्री होत नव्हती हो. मला वाटलं, मी त्यांना मारीन."

"तुमची खात्री नव्हती, ते कळलं मला. पण त्यांना विचारलंत?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"नाही ना? जीव त्यांचा होता. ते हो म्हणाले असते. नाहीतर नाही म्हणाले असते. पण विचारायचं तरी!" तिने पदराने काच पुसली, आपल्याच हाताचा ठसा पुसावा तशी, आणि निघून गेली. तिने माफ केलं नाही. ती पुन्हा कधी आलीही नाही.

त्यानंतर शंकेची फुप्फुसं आली की बाई मला चालू ठेवून वर जात. रोग्याच्या खाटेवर बसत, आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही ते सगळं सांगत, शिंपीणबाईंचं आणि कंडक्टरांचंही. मग विचारत. बहुतेक हो म्हणाले. त्यांतले पुष्कळ जगले, सगळे नाही. घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा म्हणाले, "नको गं पोरी, दुसऱ्या कुणाला दे." बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि ती फुप्फुसं शेजारच्या खोलीतल्या एका मुलीला विचारून तिला बसवली. खाली आल्यावर दादांना म्हणाल्या, "आज मला भीती वाटली. पण एकटीला नाही वाटली."

आता माझ्या जागी बॅगेएवढं नवं यंत्र आलं आहे. त्यात फुप्फुसं पालथीच ठेवतात. दादा गेले, बाईंचे हात थरथरतात म्हणून त्या शस्त्रक्रिया करत नाहीत. कधीतरी काठी टेकत येतात आणि माझ्यावरचे डबे बाजूला करून बसतात. मी त्यांना सांगू शकत नाही की रिकाम्या काचेखाली मलाही कोणीतरी दिसतं.

मित्रांनो, मला पुसा, माझा तडा सांधा, असं मी म्हणणार नाही. यंत्रं जुनी व्हायचीच. एवढंच मागते. उद्या कोणाचा जीव तुमच्या हातात येईल, डॉक्टर म्हणून, मुलगा म्हणून, मुलगी म्हणून. तेव्हा त्याच्या भल्याचं तुम्ही एकट्याने ठरवू नका. त्याच्याजवळ जा, बसा आणि विचारा. त्याला बोलायला धाप लागत असेल, तर उत्तर येईपर्यंत थांबा.