आहे तसा

लाल जाळीच्या पिंजऱ्यात बसल्या बसल्या तात्यांना कुणाला शिव्या घालायचीही सोय नव्हती. नियम त्यांचाच! पंख्यांच्या कारखान्यात मुकादम म्हणून त्यांनीच तो हौसेनं आणला होता. बिघाड दिसला की ‘का? का?’ विचारत जायचं, आणि मूळ कारण सापडलं की त्याला लाल चिठ्ठी लावून पिंजऱ्यात टाकायचं. बाहेर यायच्या वाटा तीनच: दुरुस्ती, भंगार, नाहीतर गिऱ्हाइकानं ‘आहे तसा’ म्हणून घेणं.

त्या दिवशी एक नवा पंखा वारा छताकडे फेकू लागला. का? पाती उलटी. का? तात्यांनी तपासली नाहीत. का? लक्ष नव्हतं. तपासनिसानं चिठ्ठी थेट तात्यांच्या छातीवर चिकटवली.

“अरे, मी माणूस आहे!”

“माणसाला सूट नाही, तात्या. सूट देणारी ओळ तुम्हीच नियमातून खोडलीत.”

घ्या! आपलेच दात, आपलेच ओठ.

दुरुस्तीवाल्यानं त्यांना दोन ठिकाणी ठोकून पाहिलं. “या मॉडेलचे सुटे भाग आता येत नाहीत,” तो म्हणाला. उरलं भंगार, आणि भंगाराची गाडी तर फाटकात भोंगा वाजवत उभी. साहेबांनी घाईघाईनं गिऱ्हाइकाला, म्हणजे तात्यांच्या बायकोला, बोलावणं धाडलं.

सकाळी भाजी खारट झाली म्हणून तात्यांनी घरीही ‘का? का?’ लावलं होतं आणि मूळ कारण म्हणून तिच्याकडे बोट दाखवलं होतं. तिनं नुसता डबा हातात ठेवला होता. तेव्हापासून त्यांचं कशात लक्ष नव्हतं. आता ती कशाला घेतेय आपल्याला?

ती आली. “काय बिघडलंय यांचं?”

“लक्ष लागत नाही,” तपासनीस म्हणाला.

“ते लग्नापासूनचंय. आणखी?”

“स्वतःची चूक दिसत नाही.”

ती जाळीजवळ आली. “दिसते का हो आता?”

“मीठ मीच घातलं गं,” तात्या जाळीला नाक लावून म्हणाले. “तू घातल्यावर, वरून.”

“ठाऊक आहे. बघत होते मी.”

तिनं ‘आहे तसा’च्या रकान्यात सही ठोकली. तपासनीस चिठ्ठी काढायला पुढे झाला.

“राहू द्या हो आजच्या दिवस,” ती म्हणाली.

भरल्या रस्त्यातून तात्या छातीवर चिठ्ठी घेऊन घरी निघाले. लोक खो खो हसत होते. तिनं मात्र त्यांचा हात सोडला नाही.