राहुकाळात अडकलेला प्रिंटर

घरात प्रिंटर मी आणला, म्हणून तो अडला की अपराधी मीच. त्या शुक्रवारी माझ्या मुलीची, अक्षयाची, तंजावुरात बारा वाजता मुलाखत होती. कॉलेजातली कायमची नोकरी, पाच वर्षं वाट पाहून आलेली संधी. मुलाखतीचं छापील पत्र नसेल तर फाटकातूनच परत, असं बजावलेलं. पत्र आदल्या दिवशीच छापून ठेवा, असं ती मला सांगत होती. मी म्हटलं, "त्यात काय मोठंसं?"

सव्वादहाला बटण दाबलं. प्रिंटर ढिम्म. मग मी हट्टाने आणखी दहा वेळा दाबलं. समोरचं झेरॉक्सचं दुकान नेमकं बंद. शेवटी चेन्नैत कंप्युटरचं काम करणाऱ्या माझ्या भाचीला, शरण्याला, फोन लावला.

"मामा, पहिलें काम अडकलें, म्हणोन मागचीं सगळीं उभीं आहेत. रांगेंत पुढें काय आहे?"

पुढे माझीच तक्रार होती. शेजारच्या कोंबड्याविरुद्ध, कॉलनीच्या मंडळाला, फोटोंसकट बेचाळीस पानं.

"आहे काहीतरी," मी पुटपुटलो.

"सेरि, असूं दे. स्पूलर म्हणोन एक आहे, तेंच रांग धरून बसतें. त्याला थांबवा, रांग सगळी पुसा, मग परत सुरू करा."

मी थांबवलं. पुसणार, तोच माझी आई गंगाबाई ओरडली, "व्यंकोबा, हात लावूं नक्को! साडेदहा झाले. राहुकाळ लागला!"

महाराष्ट्रातून येताना पूर्वजांनी काय काय आणलं ते आम्ही विसरलो, पण राहुकाळ इथे येऊन पक्का शिकलो. त्या दीड तासात नवं काही सुरू करायचं नाही. निघताना राहुकाळ लागलेला असणार म्हणून आईने अक्षयाची पिशवी दहालाच शेजारी, त्या कोंबडेवाल्याकडे, नेऊन ठेवली होती. म्हणजे प्रवास चांगल्या वेळी सुरू झाला. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. आईच्या मते सव्वादहाला दाबलेलं बटणही प्रस्थानच, आणि पुसलं की ते मोडलं.

"मग काय राहुकाळ सरेपर्यंत थांबूं?" मी भडकलो. "तिकडे बारालाच फाटक बंद!"

अक्षया दारात उभी होती. बाहेर गाडी थांबलेली. तिचे डोळे भरून आले होते. मला माझीच लाज वाटली.

आईने नातीकडे पाहिलं आणि मला खुर्चीवरून उठवलं. "कुठें दाबायाचें?"

मी दाखवलं. तिने कोंबड्यासकट सगळी रांग पुसली, स्पूलर सुरू केला, पत्र नव्याने छापायला दिलं. प्रिंटर खाकरला आणि कागद बाहेर आला.

"सुरू मी केलें," आई छताकडे पाहून मोठ्याने म्हणाली. "दोष मला. पोरीला नक्को."

अक्षया पाया पडून धावत गेली. मी आईला जेवायला बोलावलं, पण ती उठेना. बारा वाजेपर्यंत ती त्याच खुर्चीत, दाराकडे तोंड करून बसली होती. राहू घरात शिरलाच, तर त्याला आधी तीच सापडायला हवी होती.