चिठ्ठीत निघालेलं नाव

“रँडम म्हणजे काय, मुक्ताबाई?” कॉलेजातले तिचे मार्गदर्शक बद्रीनाथ सरांनी तिच्या प्रकल्पातल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

“म्हंजे... जे भेटलं त्येला इचारायचं, सर. डेअरीवर दूध घालायला आलेल्या बायांना इचारलं. एकीलाबी मुद्दाम निवडलं न्हाई.”

केजजवळच्या एका गावात, सहकारी दूध सोसायटीत मुक्ता दुधाचं फॅट तपासायची. चाळिशी उलटल्यावर ती बाहेरून एम.ए.ला बसली होती. दुष्काळात बायकांनी घर कसं चालवलं, हा तिचा विषय.

“बरं. दूध घालायला कोण येत नाही?”

“ज्यांच्या दावणीला जनावर न्हाई, त्या...”

मुक्ताने प्रकल्पातल्या नावांवरून नजर फिरवली. यंदा वैरणीवाचून कितीतरी घरांनी गुरं बाजारात नेऊन विकली होती. ज्यांच्यावर दुष्काळ खरा कोसळला, त्या बाया तिच्या अभ्यासात आल्याच नव्हत्या!

“आगं बाई!” ती खुर्चीतून उठलीच. “सर, रँडम म्हंजे गावातल्या परत्येक घराला सारखाच चानस! म्या निवडायचं न्हाई, अन् डेअरीनंबी निवडायचं न्हाई!”

“अगदी बरोबर. मग आता?”

“आता सगळं पयल्यापासून!”

गावाकडे परतताना जीपमध्ये दाटीवाटीत बसूनही तिला हसू आवरत नव्हतं. घरी येताच तिने घराघराच्या चिठ्ठ्या केल्या. ओढ्यापलीकडची वस्तीसुद्धा सोडली नाही. सगळ्या पातेल्यात कालवल्या आणि सासूबाईंना डोळे मिटायला लावले.

पहिलीच चिठ्ठी निघाली भामाबाईची.

“ती काय सांगनार? गाय इकल्यापासनं घरातून भाईर पडत न्हाई,” सासूबाई म्हणाल्या. “ठिव ती. दुसरी काढते.”

“न्हाई आत्याबाई! बदलली की रँडम मोडलं!”

पायात चपला सरकवून मुक्ता तशीच निघाली.

भामाबाई गोठा झाडत होती. गोठ्यात शेण नव्हतं, काडी नव्हती. तरी झाडत होती.

“माजं नाव कुनी सांगितलं? डेअरीच्या चेअरमननं?”

“कुनीच न्हाई, काकू. चिठ्ठीत निघालं. साऱ्या गावाची नावं व्हती, त्यात तुमचंबी व्हतं.”

“माजंबी?”

तिने खराटा भिंतीला टेकवला. पदराने तोंड पुसलं, केस सारखे केले आणि ओसरीवर घोंगडी अंथरली.

“बस,” ती म्हणाली. “आन् लिव. गायीचं नाव चंद्री व्हतं.”