सायकलची मान

तिसरा रविवार उजाडायच्या आत सायकल चालू झाली पाहिजे, एवढं एकच सावळारामच्या डोक्यात होतं. त्याची बायको ठमाबाई जाऊन पंधरा दिवस झाले होते. इंदापूरच्या बाजारात पिंपळाच्या बुंध्याशी तिची भाजीची जागा होती. अकरा वर्षं ती तिनं धरून ठेवली होती. निमगाव केतकीहून ती एसटीनं जायची आणि बाजारादिवशी टपावर पोत्यांना जागा मिळत नसल्यानं सावळाराम मेथी-वांग्यांची पोती सायकलला बांधून मागून पोचवायचा. माल टाकला की तो मळ्याकडं परत. विकणं तिचं काम. सुतकात दोन बाजार बुडाले होते. तिसराही बुडाला तर शेजारची फुलाबाई तिथं आपलं गोणपाट पसरणार, आणि इंदापुरात एकदा पसरलेलं गोणपाट मागं सरत नाही.

सायकलचं हँडल मात्र वळेना. जड ते कधीपासूनच होतं. आता पडून पडून खुंट्यासारखं गच्च झालं होतं. हँडलखाली पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा दांडा वर येतो, त्याच्या आट्यांवर एक चपटा नट असतो. तो निघाला की खालची वाटी निघते आणि छर्रे मोकळे होतात. पण नट हलत नव्हता.

गुरुवारी त्यानं सायकल एसटीच्या टपावर चढवून बारामतीला नेली. तिथल्या जयवंता मिस्त्रीनं दोनदा पाना लावला. दोन्ही वेळा पाना सटकला आणि नटाचे कोपरे गोल झाले. गंजानं धरलंय, चिमटा कापावा लागेल, नवा पुण्याहून यायला पंधरा दिवस, असं जयवंता म्हणाला. रविवारच्या आधी होणार नाही का, असं सावळारामनं विचारलं.

"रविवारी लगीन हाय का काय तुमचं, तात्या?"

"बाजार हाय," सावळाराम म्हणाला आणि सायकल घेऊन परत आला.

शुक्रवारी त्यानं नटावर रॉकेल ओतलं. सायकल मोटेच्या नाड्यानं बाभळीला आवळून बांधली आणि पान्याला लोखंडी नळी लावून लोंबकळला. नाडा काचला, बाभूळ हलली, नट जागचा हलला नाही. रात्री तळहाताच्या फोडांना हळद लावून तो झोपला.

शनिवारी सकाळी त्यानं पहारेचं टोक चुलीत लाल केलं आणि नटाला टेकवलं. धूर निघाला. भिंतीपलीकडून त्याची थोरली भावजय, प्रयागबाई, धावत आली. याच्या चुलीवर काहीतरी करपतंय असं तिला वाटलं होतं. ती सायकलपाशी वाकली, वास घेतला.

"भावजी, ह्यो गंज न्हाय. करडीचं तेल जळतंय."

सायकलला करडीचं तेल कोण घालतंय, असं तो म्हणाला. मग प्रयागबाईनं सांगितलं, की दर शनिवारी मारुतीला तेल वाहून आली की ठमाबाई वाटीत उरलेलं तेल सायकलच्या मानेत सोडायची. मालकांचे खांदे भरून येतात, हँडल हलकं फिरू दे, म्हणायची.

सावळाराम खाली बसला. हँडल जड झालंय असं त्यानं घरात किती वेळा म्हटलं होतं. तितक्या वेळा तिनं आणखी तेल सोडलं असणार, आणि ते आत सुकून लाखेसारखं झालं होतं.

"मग आता काढायचं कसं, वयनी?"

"कढईचं कीट काढत्यात तसं. तुमी कदी घासलीया का कढई?"

तिनं धुण्याचा सोडा आणला. उकळत्या पाण्यात तो टाकून, मानेला फडकं गुंडाळून, सावळाराम तांब्यानं ओतत राहिला. दुपार कलली तोवर चार हंडे झाले. सायकलचा काळा रंग पापुद्र्यानं सुटला. फडक्यातून तपकिरी पाणी गळू लागलं. मग त्यानं नटाच्या कडेला छिन्नी टेकवली आणि हातोडा हाणला. सातव्या घावाला नट गव्हाच्या दाण्याएवढा सरकला. तो थांबला, हात पुसले आणि पुन्हा हाणला. पुढं तो पान्याविना हातानंच फिरला.

वाटीत चिक्कीसारखं कीट बसलं होतं. त्यानं ते काडीनं खरवडलं, छर्रे रॉकेलमध्ये धुतले आणि बैलगाडीचं वंगण भरून सगळं परत बसवलं. हँडल एका बोटानं वळलं. हे ठमाबाईला सांगायला तो घराकडं वळला, आणि मग सामान आवरायला लागला.

रविवारी तो बाजारात पोचला तेव्हा फुलाबाईचं गोणपाट अर्ध्या जागेवर आलंच होतं. त्यानं सायकल पिंपळाला लावली आणि पोती सोडली.

"फुलाबाई, गोणपाट वडा. ही जागा आमची हाय."

"बसनार कोन? तुमी? तुमचा तर आवाज आमी आजवर ऐकला न्हाय," ती म्हणाली. पण तिनं गोणपाट ओढून घेतलं.

सावळारामनं वांग्यांचा ढीग लावला, मेथीच्या जुड्या मांडल्या आणि मागं बसला. लोक पुढून निघून जात होते. हाळी दिल्याशिवाय इथं कुणी थांबत नाही, हे त्याला कळत होतं. पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा नुसता वारा निघाला. फुलाबाईनं मान दुसरीकडं वळवली. त्यानं घसा खाकरला, गुडघ्यांवर हात रोवले आणि पार पलीकडच्या रस्त्यापर्यंत जाईल अशी हाळी दिली. वांगी घ्या, कोवळी वांगी.