फणसाखालचा पाला

माझा हात झाडूला लई चालाक, हे मीच सांगते. दुसरं कोण सांगणार? खानापूरकडनं लग्न होऊन रानातल्या गुंद गावाला आले, तेव्हा पहिलं काय केलं असेल तर दारातल्या फणसाखालचा पाला झाडून काढला. आमचं माहेर उघड्या मुलखातलं. तिथं पान न् पान वेचून गोठ्यात न्यायचं, गुरांच्या पायाखाली घालायचं, शेणामुतात कुजलं की शेतात टाकायचं. आणि अंगण लख्ख नसलं की बाईला नावं ठेवणार. इथं बघते तर फणसाच्या बुडात घोटा बुडेल एवढा पाला! मला मेलीला वाटलं, काय आळशी घर हे.

सासूला मी आत्ती म्हणायची. फुला तिचं नाव. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुळजा, ऱ्हाऊ दे गं तो पाला. त्याचं त्याला."

"आत्ती, साप बसंल त्यात," मी म्हटलं आणि झाडलंच.

त्यात सरकारनं वरच्या रानाला हद्दीचे दगड रोवले, आत पाऊल टाकायची बंदी. गोठ्यासाठी पाला आणायचा तर दगडांना वळसा घालून पार लांब जावं लागायचं. मग दारातला फुकटचा पाला मी सोडते होय? पाच वर्षं झाडला. लाल माती उघडी पडली, मुळं वर आली, आणि त्यावर सडा घालून मी मिरवायची.

पहिल्या साली त्या झाडाला साठ फणस होते. जेठात कणगीचा तळ दिसायला लागला की घर त्यावरच जगायचं. गरे खायचे, भाजी करायची, आठळ्या भाजायच्या. मग चाळीस झाले, मग सात. मग दोन वर्षं एकसुद्धा न्हाई.

इकडं घराचं आढं वाळवीनं पोखरलेलं. माझा नवरा कान्हू रानात सागाचे ओंडके ओढायच्या कामावर. बोलायचा कमी, पण लाकूड त्याला कळायचं. म्हणाला, "झाड म्हातारं झालंय. फणसाला वाळवी लागत न्हाई. तोडू आणि आढं घालू." आत्तीचं तोंड उतरलं. सासऱ्यांच्या हातचं झाड ते.

पौषात सूर्यग्रहण लागलं. न फळणाऱ्या झाडाला ग्रहणात मुसळानं मारलं की ते भिऊन फळतं म्हणतात. मी मुसळ घेतलं आणि पाच टोले हाणले, चांगले कमरेतनं. "फळशील का न्हाई? बोल, फळशील का न्हाई?"

आत्ती ओट्यावरनं बघत होती. "उपाशी म्हशीला काठी मारली म्हणून ती दूध देती व्हय गं?"

"उपाशी? कोण उपाशी?"

ती खाली उतरली. बुडातली माती बोटानं उकरायला गेली, तर नखसुद्धा शिरेना. "रानात खत घालायला कोण जातंय? पान पडतंय, गांडूळ खातंय, कुजून मातीत जातंय, मूळ ते वर वडतंय, त्याचं परत पान व्हतंय. ह्याच्या पुढचं ताट तू पाच वर्षं उचलून नेलंस बघ."

माझं डोकं सणकलं. "मग तेव्हाच माझा हात का धरला न्हाईसा?"

"धरला असता तर ऐकली असतीस?"

नसतंच ऐकलं. मी मुसळ टाकून तिथंच बसले आणि रडले. घरच्यांच्या तोंडचं मीच झाडून काढलं होतं. "आत्ती, ह्यांना सांगू नकासा."

तिनं सांगितलं न्हाई. कान्हूला एवढंच म्हणाली, "हा वैशाख सोडून पुढच्या वैशाखापर्यंत थांब. न्हाई फळलं तर कुऱ्हाड मी आणून देते." त्यानं आढ्याला टेकू लावला.

मग मी पाट्या वाहिल्या. दगडांना वळसा घालून पाला आणायचा, निम्मा गोठ्यात, निम्मा फणसाला. शेताच्या वाटणीतलं शेणखतसुद्धा आत्तीनं झाडाकडं वळवलं. शेजारची गिरजा हसायची, "अगं बया, झाडाला पाला घालतीया! आता नदीला पाणी पाज!" मी तिला चार शब्द सुनवायची आणि पाटी रिकामी करायची. पावसाळ्यात खाली काळं मऊ झालं, अळंबी उगवली. दिवाळीला हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला.

वैशाख आला. बुंधा मोकळा, फांद्या मोकळ्या. मी रोज मान वर करून बघायची, मान दुखायची. अक्षय्यतृतीया झाली आणि आत्तीनं शब्दाप्रमाणं कुऱ्हाड आणून दिली.

कान्हू बुडाशी उभा राहिला. "पाय घसरतोय. तुळजा, झाडू आण, पाला काढ."

झाडूला हात लावायचा धीर होईना. गुडघ्यावर बसून हातानंच पाला बाजूला करायला लागले, रडत, त्या झाडाची माफी मागत. आणि वास आला. पिकल्या फणसाचा, घमघमाट नुसता! पाला ओढला तर माती तडकलेली, आणि मुळाला लागून, अर्धा मातीत रुतलेला, घागरीएवढा फणस. पलीकडं अजून दोन. आणि मी वर्षभर आभाळाकडं बघत होते, काय म्हणावं मला!

कान्हूनं कुऱ्हाड खाली ठेवली. "आई, हे कसं?"

"जुन्या झाडाला मुळाशीबी फळ धरतंय. तुळजाचा फणस हाय," आत्ती म्हणाली. "वर्षभर पाटी वाहिली तिनं."

मला राहवलं न्हाई. "खोटं हाय. मीच उपाशी मारलं होतं त्याला. पाच वर्षं. आत्तींनी पोटात घातलं."

कान्हूनं फणसावरची माती हातानं पुसली. मग म्हणाला, "उगाच कोण झाडाला पाट्या वाहतंय? कळलं होतं मला." आढं मग किंदळाच्या लाकडाचं घातलं.

आत्तीनं फणस फोडला आणि पहिला गरा माझ्या हातावर ठेवला. माझी चूक ठावी असलेल्या बाईनं. लई जणांनी मला लई काय दिलं असेल, पण त्या गऱ्याची फेड माझ्यानं व्हायची न्हाई.

खाऊन झालं. गिरजासुद्धा दोन वाट्या गरे घेऊन गेली. साली आणि चोथा मी पाटीत भरला, तर गाय दावं ताणून हंबरायला लागली.

"थांब गं बाई," मी तिला म्हटलं, आणि पाटी फणसाच्या बुडात ओतली. "आधी त्याचं त्याला."