अलग ठेवलेली फाइल

माझ्या टेबलावर एक पाटी आहे, ‘माहिती गोपनीयता अधिकारी’. कायद्याने प्रत्येक कंपनीत असा एक माणूस लागतो, म्हणून आमच्या मॅनेजर मॅम ग्लेंडांनी माझं नाव कळवलं. ‘नोंग सेल्सो औषधाच्या खोक्यावरचा बारीक मजकूरसुद्धा वाचतात,’ असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. लोक हसले आणि मी अधिकारी झालो. नोंग म्हणजे थोरला दादा, इथे मला सगळे तसंच म्हणतात. माझं खरं काम शुद्धलेखन तपासण्याचं. परदेशातले डॉक्टर रुग्णांविषयी जे बोलून ठेवतात ते इथे फिलिपिन्समध्ये, इलोइलो शहरात मुली टाइप करतात आणि मी त्यातल्या चुका काढतो. रुग्णाचं नाव जिन्यातसुद्धा घ्यायचं नाही, हे नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवतात.

जोवेलिन अशीच नवी होती. गिमारास बेटावरून रोज बोटीने यायची. नवरा आंब्याच्या बागेत, म्हणजे हंगाम असेल तेव्हाच कामाला. तिची प्रोबेशनची मुदत संपत आली होती. पुढच्या महिन्यात ती कायम झाली असती, मग कोणी तिला सहज काढू शकलं नसतं आणि बाळंतपणाची रजा पगारासह मिळाली असती. या रजेचा हिशोब तिच्या डोक्यात होता हे तेव्हा आम्हां कोणाला माहीत नव्हतं. ती सैल ब्लाउज घालायची, इतकंच.

आमच्याकडे मुली कोरियन मालिका पेन ड्राइव्हवरून एकमेकींना देतात. कोणी मागितल्यावर नाही म्हणणं म्हणजे भांडण काढल्यासारखंच. त्या दिवशी शेजारच्या मुलीने जोवेलिनकडे शेवटचे भाग मागितले. जोवेलिनने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि क्षणभर हातातच धरला. हे मी माझ्या जागेवरून पाहिलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. शेजारीण म्हणाली, ‘काय गं, माझ्या बोटांना खरूज आहे का?’ मग जोवेलिनने तो दिला.

त्याच पेन ड्राइव्हवर दवाखान्याने तिच्या सोनोग्राफीचं चित्र घालून दिलं होतं. दवाखान्याच्या जुन्या कॉम्प्युटरचा व्हायरसही त्यासोबत आला होता. आमच्या अँटिव्हायरसने पेन ड्राइव्ह आत जाताच तपासला, संशय आला ते सगळं त्यावरून उचलून अलग ठेवलं आणि त्याची खबर कॉम्प्युटर विभागाच्या तोतिंगच्या पडद्यावर पाठवली. खबरेबरोबर फाइलचं छोटं चित्रही जातं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अधिकारी म्हणून ठाऊक असायला हवं होतं.

तोतिंग वाईट माणूस नाही. चार लेकरांचा बाप, कोणाच्याही बारशाला सगळ्यांत आधी हजर. तो त्याच्या काचेच्या खोलीतून दोन्ही हात पसरून बाहेर आला. धाकट्या मुलीला आमच्याकडे लाडाने इंदाय म्हणतात, तसं जोवेलिनला म्हणाला,

‘काय गं इंदाय, आम्हांला परकं केलंस? नाक तर तुझंच आलंय, दिसतंय स्पष्ट.’

आधी कोणालाच कळलं नाही. मग कळलं आणि मुली खुर्च्या ढकलून उठल्या. कोणी तिच्या पोटाला हात लावला, कोणी मुलगी होणार म्हणालं, कोणी विचारलं की बागेत काम नसताना नवऱ्याला एवढा वेळ मिळतोच कसा. जोवेलिन हसत होती. त्या गर्दीत दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. आवाज ऐकून मॅम ग्लेंडा केबिनबाहेर आल्या. त्यांनी तिला जवळ घेतलं, कपाळाला कपाळ लावलं, आणि दुपारच्या खाण्याला सगळ्यांसाठी पान्सित मागवलं. शेवया लांब असतात, आयुष्यही लांब होवो, म्हणून आनंदाच्या दिवशी आम्ही त्याच खातो. मीही खाल्ल्या. लिंबू पिळून, दोनदा वाढून घेऊन.

खाणं झाल्यावर जोवेलिन माझ्या टेबलाशी आली. पाटीकडे बघत हळू म्हणाली, ‘नोंग, हे बघणं तुमचंच काम ना? त्याला माझं चित्र बघायचा अधिकार होता का?’

मी म्हणालो, बघतो. त्या रात्री मी कायदा पुन्हा वाचला. कायद्याची भाषा चांगली होती. आरोग्याची माहिती संवेदनशील, ती कामापुरतीच वापरावी, ज्याची आहे त्याला विचारावं. वाचताना मला धीर आला. वाचताना मला नेहमीच धीर येतो.

आठवडाभरात जोवेलिनला कळवलं गेलं की तिला कायम करता येत नाही. कारण दिलं होतं टायपिंगचा वेग. तिचं काम मीच तपासत होतो. वेग इतरांसारखाच होता आणि चुका कमी होत्या.

मी मॅम ग्लेंडांच्या केबिनमध्ये गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण त्यांनी आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि पाठ केलेलं मागेपुढे झालं. तरी मी बोललो. चित्र बघायला नको होतं, सर्वांसमोर सांगायला नको होतं, आणि त्यावरून तिला काढणं तर मुळीच नको, असं सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग जोवेलिनने पहिल्या दिवशी सही केलेला कागद दाखवला. कंपनीच्या यंत्राला जोडलेलं काहीही तपासलं जाईल, मान्य. असे कागद वाचायला देणं माझंच काम होतं. ते वाचायला अर्धा तास लागतो आणि कोणीही तो अर्धा तास घेत नाही.

‘आणि काढायचं कारण वेगळं आहे, नोंग. वेग,’ त्या म्हणाल्या. ‘बाळाचं म्हणाल तर आम्ही आनंदच केला. लपवायचं असतं तर ती हसली असती का? तुम्हीसुद्धा पान्सित खाल्लंत की.’

मी तो कागद पुन्हा एकदा वाचला, त्यांना परत दिला आणि जागेवर आलो.

सरकारी आयोगाकडे तक्रार करता येते. मी ती लिहिली, तीनदा सुधारली आणि सहीसाठी जोवेलिनकडे नेली. तिने नीट वाचली. म्हणाली, नोंग, भाषा सुंदर आहे. पण सही केली नाही. दुसरी कंपनी इथे फोन करून विचारणारच, आणि तक्रार करणाऱ्या बाईला, त्यातून पोटुशीला, कोण घेणार? ‘तुम्ही फक्त माझं चित्र परत आणा. पेन ड्राइव्हवर आता काहीच नाही आणि दवाखाना ते ठेवत नाही.’

एवढं तरी होईल असं मला वाटलं. तोतिंग आता माझ्या नजरेला नजर देत नव्हता. त्याने पुष्कळ खटपट केली. पण अलग ठेवलेल्या फाइली परदेशातल्या मुख्य कार्यालयात जातात आणि तिकडूनच सोडल्या जातात. मी तिकडे अर्ज पाठवला, पदासकट सही करून.

जोवेलिनचा शेवटचा दिवस आला तेव्हा उत्तर आलं नव्हतं. मुलींनी तिला बाळाचे मोजे दिले. ती बोटीची वेळ झाली म्हणून लवकर निघाली. जाताना पाटीपाशी थांबली आणि नुसती मान हलवली.

उत्तर नंतर आलं, सभ्य शब्दांत. संबंधित व्यक्ती आता कर्मचारी नसल्यामुळे अर्ज बंद करण्यात येत आहे, सुरक्षेसाठी फाइल मात्र जपून ठेवली जाईल. खाली विचारलं होतं की या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी दोनदा तपासलं.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. चित्र कुठे आहे ते तिला सांगावं का, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. बाळ आता झालंही असेल.